चार टक्क्यांची खुर्ची

१८ फेब्रुवारी २०२३, शनिवार. महाशिवरात्र होती. त्या दिवशी देशातल्या मोठ्या केबल कंपन्यांच्या जाळ्यावरून स्टार, झी आणि सोनी या तिन्ही समूहांच्या वाहिन्या एकदम गेल्या. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार साडेचार कोटी घरांना त्याची झळ बसली. भांडण दराचे होते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि १९ रुपयांपर्यंतची वाहिनी पॅकमध्ये घालायला मोकळीक दिली. वाहिन्यांनी नवे दर जाहीर केले, केबल कंपन्यांनी त्या दरांच्या करारांवर सह्या करायला नकार दिला, आणि मग वाहिन्यांनी सिग्नलच तोडला. आठवडाभरात सह्या झाल्या.

या डावपेचात जोर कुठून येतो, ते ठाण्याजवळच्या कळव्यासारख्या गावात नीट दिसते. खारेगाव, विटावा, मनीषानगर, पारसिकनगर, कुठेही जा. संध्याकाळी सातनंतर घरोघरी मालिकांची वेळ ठरलेली असते. वाहिनी गेली की फोन जातो गल्लीतल्या केबलवाल्याला. मुंबईत कार्यालयात बसलेल्या वाहिनीच्या अधिकाऱ्याला कुणी फोन करत नाही. केबलवाला वरच्या कंपनीकडे तगादा लावतो आणि ती कंपनी अखेर सही करते. दराच्या बोलणीत वाहिनीच्या बाजूने जोर लावतो तो प्रेक्षकच, आणि वाढलेला दर भरतो तोही प्रेक्षकच.

त्या आठवड्यात झी आणि सोनी केबलवाल्यांसमोर एका बाजूला उभ्या होत्या. त्याच वेळी त्या दोघींचे आपसांतले विलीनीकरण अर्ध्या वाटेवर होते. भारतीय माध्यमांच्या इतिहासातल्या सर्वांत लांबलेल्या आणि सर्वांत शिकवणाऱ्या वाटाघाटींपैकी ही एक. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२४ मध्ये ती फिसकटली. शेवटपर्यंत वाद पैशाचा राहिला नाही, खुर्चीचा झाला. तो तसा का झाला, हेच या प्रकरणात पाहायचे आहे.

पोलादाचा कारखाना विकत घेतला की भट्टी जागेवर राहते. माध्यम कंपनीत विकत घेण्याजोगे जे काही असते ते जागेवर राहीलच याची खात्री नसते. प्रेक्षकाची सवय, निर्मात्यांशी असलेले संबंध, कोणती कथा कुठल्या भाषेत चालेल याची जाण, जाहिरातदारांचा विश्वास: हे सगळे माणसांच्या डोक्यात असते आणि माणसे उठून जाऊ शकतात. म्हणून अशा सौद्यात “किती देणार?” या प्रश्नाइतकाच “चालवणार कोण?” हा प्रश्न मोठा असतो. विकणाऱ्यालाही हे माहीत असते आणि घेणाऱ्यालाही.

झीच्या बाबतीत तर ही जाण तीस वर्षांची होती. सुभाष चंद्रा यांनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केला तो हाँगकाँगच्या स्टारकडून उपग्रहावरची जागा भाड्याने घेऊन. पुढच्याच वर्षी रूपर्ट मर्डोक यांनी स्टारमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला आणि वर्षअखेर झीच्या प्रक्षेपण कंपनीत जवळजवळ निम्मी भागीदारीही मिळवली. भागीदारही तोच आणि प्रतिस्पर्धीही तोच, अशी विचित्र जोडी सहा वर्षे चालली. स्टारला भारतात वाढायचे तर हिंदीत उतरणे भाग होते, आणि हिंदीबाबतच त्याचे हात भागीदारीने बांधलेले होते. १९९९ मध्ये चंद्रा यांनी स्टारचा हिस्सा सुमारे ३० कोटी डॉलरला परत विकत घेतला. त्या क्षणी हा विजयच वाटला असणार. पण वेगळे होताच स्टारचे हात सुटले. जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि हिंदी मनोरंजनातले झीचे पहिले स्थान गेले. माझ्या मते चंद्रा यांनी त्या व्यवहारात मोजलेल्या पैशापेक्षा सोडून दिलेले बंधन महाग पडले. स्पर्धा न करण्याचा शब्द या धंद्यात केवढ्या मोलाचा असतो, हे झीच्या घरात त्यानंतर कुणाला शिकवावे लागले नसेल. बावीस वर्षांनी सोनीशी करार झाला तेव्हा त्यात हाच शब्द विकला गेला, आणि चांगल्या भावाने.

सोनीशीही ओळख नवी नव्हती. २०१६ मध्ये झीने आपल्या टेन स्पोर्ट्स वाहिन्या सोनीला ३८.५ कोटी डॉलरला विकण्याचा व्यवहार केला होता. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांसमोर बसून आकडे मांडलेले होते.

मग २०१९ आले. चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने पायाभूत सुविधांसारख्या धंद्यांत कर्जाने पैसा घातला होता आणि त्यासाठी झीचे शेअर गहाण टाकले होते. जानेवारीत झीचा शेअर एका दिवसात कोसळला. चंद्रा यांनी खुले पत्र लिहून धनकोंची माफी मागितली आणि मुदत मागितली. कर्ज फेडण्यासाठी घराण्याने टप्प्याटप्प्याने झीमधला हिस्सा विकला. त्यातला ११ टक्के हिस्सा अमेरिकी गुंतवणूक संस्था इन्व्हेस्कोने ४,२२४ कोटी रुपयांना घेतला. सगळी विक्री संपली तेव्हा संस्थापक घराण्याकडे उरले चार टक्क्यांच्या आसपास, नेमके सांगायचे तर ३.९९ टक्के. इन्व्हेस्कोच्या दोन फंडांकडे मिळून १७.८८ टक्के. कंपनी चालवत होते पुनीत गोयंका, चंद्रा यांचे थोरले चिरंजीव.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच उलगडणार नाही. चार टक्क्यांचा मालक शंभर टक्क्यांच्या कंपनीचा सौदा कसा काय करतो? उत्तर कंपनी कायद्यात आहे. विलीनीकरणाची योजना आधी संचालक मंडळ मंजूर करते, मग ती भागधारकांपुढे जाते आणि तिथे मूल्याने तीन चतुर्थांश मते लागतात. भागधारक योजना नाकारू शकतात, पण बोलणी करून योजना तयार करणे आणि पुढे ठेवणे हे मंडळाच्या हातात असते. मंडळ ज्याचे ऐकते त्याच्याकडे दाराची किल्ली. घराण्याकडे शेअर राहिले नव्हते, किल्ली होती. इन्व्हेस्कोला ती काढून घ्यायची होती.

११ सप्टेंबर २०२१ रोजी इन्व्हेस्कोने झीला पत्र दिले: भागधारकांची विशेष सभा बोलवा, गोयंका आणि आणखी दोन संचालकांना काढा, आम्ही सुचवलेले सहा स्वतंत्र संचालक नेमा. किमान दहा टक्के हिस्सा असलेल्या भागधारकाला अशी सभा मागण्याचा हक्क आहे. ते दोन संचालक लगोलग पायउतार झाले. गोयंका राहिले. आणि ११ दिवसांनी, २२ सप्टेंबरला, झीने जाहीर केले की सोनी पिक्चर्स नेटवर्क्स इंडियाशी विलीनीकरणाचे तत्त्वतः ठरले आहे. नव्या कंपनीत सोनीचा हिस्सा ५२.९३ टक्के, झीच्या भागधारकांचा ४७.०७ टक्के. सोनी १५७.५ कोटी डॉलरचे नवे भांडवल ओतणार. घराण्याला आपला हिस्सा पुढे २० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा. आणि पुनीत गोयंका पाच वर्षे व्यवस्थापकीय संचालक.

वाटाघाटीच्या शास्त्रात एक मूलभूत कल्पना आहे. हार्वर्डचे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये ती पुस्तकातून लोकांपर्यंत नेली: टेबलावरचा सौदा मोडला तर तुमच्या हातात दुसरे काय उरते, त्यावर तुमचे बळ ठरते. घासाघीस करण्याचे कौशल्य नंतर. ११ सप्टेंबरला गोयंका यांच्या हातात दुसरे काही नव्हते. सभा, मतदान आणि बहुधा हकालपट्टी. २२ सप्टेंबरला त्यांच्याकडे जपानी मालकीचा, पैसा घेऊन आलेला आणि त्यांनाच खुर्चीवर ठेवणारा भागीदार होता. आता इन्व्हेस्कोला भागधारकांना सांगावे लागणार होते की या माणसाला काढा, भले मग सोनी निघून जावो. शेअर बाजारात झीचा भाव त्या दिवशी उसळला. इन्व्हेस्को ज्या भागधारकांच्या जोरावर उभी होती तेच आता सौद्याच्या बाजूला झुकले. इतक्या थोड्या दिवसांत पारडे असे फिरवणे ही मी पाहिलेल्या कॉर्पोरेट लढायांतली सर्वांत कुशल चाल आहे, आणि हे म्हणताना पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक पदर उघडला. झीने जाहीर केले की इन्व्हेस्कोनेच त्या वर्षाच्या सुरुवातीला एका मोठ्या भारतीय समूहाशी विलीनीकरणाचा प्रस्ताव आणला होता. दुसऱ्याच दिवशी रिलायन्सने खुलासा केला: होय, ते आम्हीच. आमच्या माध्यम कंपन्या झीमध्ये विलीन करण्याचा प्रस्ताव होता आणि त्यातही गोयंकाच प्रमुख राहणार होते. मग अडले कुठे? घराण्याला प्राधान्याने वॉरंट घेऊन आपला हिस्सा वाढवायचा होता. इन्व्हेस्कोचे म्हणणे होते की हिस्सा वाढवायचा तर बाजारातून शेअर घ्यावेत. तिथे बोलणी थांबली. रिलायन्ससारखा भागीदार, खुर्ची शाबूत, तरीही चार टक्क्यांचे किती टक्के होणार यावर सगळे अडले. या घराण्याला खुर्ची आणि हिस्सा दोन्ही हवे होते, आणि ही मागणी पुढच्या प्रत्येक वळणावर भेटते.

सोनीने ती कशी पुरवली ते पाहण्यासारखे आहे. २१ डिसेंबर २०२१ रोजी पक्के करार झाले. घराण्याचे झीमधले ३.९९ टक्के विलीनीकरणानंतर पातळ होऊन १.८८ टक्क्यांच्या आसपास आले असते. तेव्हा असे ठरले की घराण्याने सोनीशी स्पर्धा न करण्याचे वचन द्यावे, त्याबद्दल सोनीच्या गटाने सुमारे १,१०० कोटी रुपये मोजावेत, आणि त्या पैशातून घराण्याने नव्या कंपनीचे सुमारे २.११ टक्के घ्यावेत. दोन्हीची बेरीज करा: पुन्हा ३.९९. सोनीचा वाटा ५०.८६ वर आला, म्हणजे बहुमत टिकले. दोन्ही बाजूंनी एकमेकांची खरी गरज ओळखली होती. सोनीला ताबा हवा होता, अर्ध्याच्या वर किती याला फारसे महत्त्व नव्हते. घराण्याला आपला आकडा घसरू द्यायचा नव्हता. ज्या गोष्टीची एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त किंमत आहे तिची देवाणघेवाण करणे, हे चांगल्या वाटाघाटीचे खरे काम, आणि ते इथे झाले होते.

सोनी एवढे का देत होती? कारण तिच्याकडे नसलेले झीकडे होते. हिंदी आणि क्रिकेट सोडले तर भारतीय भाषांत सोनीचे पाय तोकडे. सोनी मराठी आली ऑगस्ट २०१८ मध्ये. झी मराठी ‘अल्फा मराठी’ या नावाने १९९९ पासून घरात आहे. बंगाली, तेलुगू, कन्नड अशा कितीतरी भाषांत हीच स्थिती. दोघी मिळून सत्तरहून अधिक वाहिन्या झाल्या असत्या. भाषेतले प्रेक्षक पैसे ओतून लवकर मिळत नाहीत. ते पिढीभर त्या घरात जाऊन बसावे लागते.

इन्व्हेस्कोशी लढाई मुंबई उच्च न्यायालयात चालू होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सभेच्या मागणीला मनाई केली. २२ मार्च २०२२ रोजी खंडपीठाने तो आदेश फिरवला. इन्व्हेस्को जिंकली आणि दोनच दिवसांत तिने मागणी मागे घेतली. सौदा झाला तर आमचे हित साधते, मोडला तर पुन्हा सभा मागू, असे तिचे म्हणणे. यात विसंगती नाही. न्यायालयातला विजय तिला वापरण्यासाठी नको होता, हातात ठेवण्यासाठी हवा होता. पण मग ती हळूहळू शेअर विकत गेली आणि एप्रिल २०२३ पर्यंत पूर्ण बाहेर पडली. माझ्या वाचनात या गोष्टीकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही. इन्व्हेस्कोच्या धाकामुळे घराणे सोनीकडे गेले होते. तो धाक गेला, तेव्हा सौदा मोडण्याची घराण्याला वाटणारी भीतीही तितकीच कमी झाली. वाटाघाटी ज्या परिस्थितीत झाल्या ती परिस्थिती करारावरची शाई वाळेपर्यंतही थांबत नाही.

कळव्यात फ्लॅट घेणाऱ्याला साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. साठेखत झाले म्हणजे घर ठरले. घर तुमचे झाले नाही. मधे बँकेचे कर्ज, सोसायटीची ना-हरकत, जुन्या गहाणखताची सोडवणूक, आणि एक मुदत. डिसेंबर २०२१ मध्ये झी आणि सोनीचे झाले ते साठेखत. अटींची यादी लांबलचक होती आणि अखेरची मुदत दोन वर्षांची, २१ डिसेंबर २०२३.

मधल्या काळात काय घडले? ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने मंजुरी दिली, तीन हिंदी वाहिन्या विकण्याच्या अटीवर. त्याच महिन्यात भागधारकांनी जवळजवळ एकमताने होकार दिला. उरले कंपनी न्यायाधिकरण. आणि तिथे धनको उभे राहिले. एस्सेलच्या केबल कंपनीच्या कर्जाशी झीचा संबंध जोडून इंडसइंड बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. न्यायाधिकरणाने तो फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल करून घेतला. हे त्याच आठवड्यातले, ज्या आठवड्यात केबलवरून वाहिन्या गेल्या होत्या. अपील न्यायाधिकरणाने दोन दिवसांत स्थगिती दिली आणि मार्चमध्ये बँकेशी तडजोड झाली. जुने देणे वसूल करायला याहून चांगली वेळ बँकेला मिळाली नसती. अब्जावधींचा सौदा पूर्णत्वाला येतो तेव्हा त्याला अडवू शकणाऱ्या प्रत्येकाच्या सहीची किंमत वाढते, मग त्याचा दावा सौद्याच्या मानाने कितीही छोटा असो. विलीनीकरणात वेळ जातो म्हणजे नुसता उशीर होतो असे नाही. टेबलाभोवतीच्या खुर्च्या वाढतात.

१२ जून २०२३ रोजी शेअर बाजाराच्या नियंत्रकाने, म्हणजे ‘सेबी’ने, अंतरिम आदेश काढला. कंपनीच्या पैशाच्या गैरवापराच्या आरोपावरून सुभाष चंद्रा आणि पुनीत गोयंका यांना सूचीबद्ध कंपन्यांत संचालक किंवा प्रमुख पदावर राहायला मनाई केली. ऑगस्टमध्ये न्यायाधिकरणाने विलीनीकरण मंजूर केले, आणि चारच दिवसांत सेबीने मनाई कायम केली. दोन वर्षांपूर्वी ज्या माणसाला पाच वर्षे प्रमुख ठेवायचे ठरले होते, त्याला कायद्यानेच खुर्चीवर बसता येत नव्हते. ३० ऑक्टोबरला अपील लवादाने, म्हणजे ‘सॅट’ने, सेबीचा आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने गोयंका मोकळे झाले. पण सोनीच्या दृष्टीने? चौकशी संपलेली नव्हती. एका जागतिक कंपनीला आपल्या भारतीय शाखेच्या प्रमुखावर बाजार नियंत्रकाची चौकशी चालू असणे कितपत चालेल, हा प्रश्न मनाईचा आदेश रद्द झाल्याने मिटत नव्हता. सोनी आपल्या माणसाला, एन. पी. सिंग यांना, पुढे करत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

इथे मला सोनीची बाजू समजते, पण तिची पद्धत पटत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये खुर्चीचे वचन तिने डोळे उघडे ठेवून दिले होते. एस्सेलची कर्जे, गहाण शेअर, इन्व्हेस्कोचे आक्षेप, सगळे तेव्हा सार्वजनिक होते. ज्या वचनावर सौदा उभा राहिला त्याच्यावर तेव्हाच मर्यादा घालता आली असती: नियंत्रकाची कारवाई झाली तर काय, पर्यायी प्रमुख कोण, तो कोण निवडणार. खुर्चीचा प्रश्न असा बांधून घेतला नाही, आणि शेवटच्या आठवड्यांत तो उघडा पडला. घराण्याबद्दलही तेच म्हणावे लागते. पुढे झीने जाहीर केले की विलीनीकरणासाठी गोयंका पद सोडायलाही तयार होते. असेल. पण ती तयारी डिसेंबर उलटल्यानंतर उपयोगाची राहत नाही. ज्या गोष्टीला शेवटी सोडायची तयारी आहे ती हातात असेपर्यंतच तिचा मोबदला मिळतो.

२१ डिसेंबरची मुदत गेली. करारात सद्भावनेने बोलणी करण्यासाठी आणखी एक महिना होता. तोही गेला. २२ जानेवारी २०२४ रोजी, अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली त्याच दिवशी, सोनीने करार संपल्याचे पत्र दिले. ठरलेल्या मुदतीत अटी पूर्ण झाल्या नाहीत, हे कारण. शिवाय करार मोडल्याबद्दल ९ कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे ७५० कोटी रुपयांची मागणी. शेअर बाजार त्या दिवशी बंद होता. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा झीचा भाव एका दिवसात तीसेक टक्के घसरला. तो तोटा घराण्याच्या चार टक्क्यांनी सोसला त्याच्या चोवीसपट बाकीच्यांनी सोसला. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, आणि सौदा होणार म्हणून शेअर धरून बसलेले ठाण्या-डोंबिवलीतले कितीतरी साधे गुंतवणूकदार. खुर्चीच्या वाटाघाटीत यांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते. हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत अन्यायाचे वाटते.

नंतर सिंगापूरच्या लवादात दोघी भांडल्या, न्यायाधिकरणात भांडल्या. मे महिन्यात झीनेही सोनीकडे तेवढ्याच ९ कोटी डॉलरची मागणी केली. दोन समान मागण्या समोरासमोर आल्या की तडजोडीचे गणित सोपे होते. २७ ऑगस्ट २०२४ रोजी दोघींनी सर्व दावे मागे घेतले. कुणी कुणाला काही दिले नाही.

सौदा मोडल्याचा धक्का आणखी एका व्यवहाराला बसला. २०२२ मध्ये झीने स्टारकडून आयसीसीच्या क्रिकेट सामन्यांचे चार वर्षांचे टीव्ही हक्क घ्यायचे ठरवले होते. सोनीचे भांडवल येणार हे गृहीत धरल्याशिवाय एवढा बोजा झी उचलेल असे मला वाटत नाही. विलीनीकरण मोडले, झीने पैसे भरले नाहीत, आणि स्टार लवादाची पायरी चढली.

झी-सोनीचा सौदा मोडत होता त्याच महिन्यांत दुसरी बोलणी चालू होती आणि तिची तऱ्हा पूर्ण वेगळी. रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने २०२२ च्या लिलावात आयपीएलचे डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना घेतले; टीव्हीचे हक्क डिस्नेच्या स्टारने २३,५७५ कोटींना. मग २०२३ मध्ये रिलायन्सच्या जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवली. डिस्नेच्या हॉटस्टारचे वर्गणीदार सहा कोटींच्या वर होते, ते वर्षभरात चार कोटींच्या खाली आले. माझ्या दृष्टीने डिस्ने आणि रिलायन्स यांची खरी वाटाघाट तिथेच झाली. भारतात एकट्याने राहण्याची किंमत किती, हे डिस्नेला कुठल्याही सादरीकरणाशिवाय कळले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, झी-सोनी मोडून पाच आठवडे होताहेत तोच, करार जाहीर झाला: ७०,३५२ कोटींची संयुक्त कंपनी, रिलायन्सकडून ११,५०० कोटी, डिस्नेकडे ३६.८४ टक्के. आणि पहिल्याच घोषणेत नीता अंबानी अध्यक्ष, उदय शंकर उपाध्यक्ष. उदय शंकर यांनी वर्षानुवर्षे स्टार चालवली होती. ज्या घराचा सौदा होता त्याच्या खोल्या त्यांना पाठ होत्या. स्पर्धा आयोगाला काही वाहिन्या विकण्याचे आणि इतर काही बाबतींचे आश्वासन देऊन १४ नोव्हेंबर २०२४ रोजी व्यवहार पूर्ण झाला. नऊ महिनेही लागले नाहीत. कोण चालवणार याचे उत्तर आधी, आकडे नंतर.

मराठीपुरते बोलायचे तर आता स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छताखाली आहेत, झी मराठी वेगळी, सोनी मराठी वेगळी. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात कितीतरी मराठी मालिकांचे चित्रीकरण चालते. तिथल्या निर्मात्याला, लेखकाला, प्रकाशयोजना करणाऱ्याला आपले काम घेऊन जायला किती दारे आहेत, हे अशा टेबलांवर ठरते. झी आणि सोनी एक झाल्या असत्या तर त्यातले आणखी एक दार कमी झाले असते. रिलायन्सच्या अजस्र जोडीसमोर एक बळकट प्रतिस्पर्धी मात्र उभा राहिला असता. मला दोन्हींची काळजी वाटते आणि यांत कुठले मोठे, ते ठरवणे सोपे नाही.

झीमध्ये खुर्चीचा प्रश्न सौदा मोडल्यावरही संपला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोयंका यांनी व्यवस्थापकीय संचालकपद सोडले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून राहिले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला वार्षिक सभेत त्यांच्या संचालकपदाच्या फेरनियुक्तीचा ठराव आला आणि निम्म्याहून किंचित जास्त मते विरोधात पडली. मग २०२५ मध्ये घराण्याने तीच जुनी मागणी थेट भागधारकांपुढे ठेवली: आम्ही २,२३७ कोटी रुपये आणतो, आम्हाला वॉरंट द्या, आमचा हिस्सा १८ टक्क्यांच्या वर जाईल. रिलायन्सशी बोलणी याच मुद्द्यावर थांबली होती. विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागतात. जुलैमध्ये मोजणी झाली तेव्हा बाजूने पडली होती साडेएकोणसाठ टक्के.